वाळूच्या बेटावरची परिषद

मी पुण्याच्या कॉलेजात नेमकं काय शिकतो, हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नसे. ओट्यावर खाट टाकून बसणाऱ्या आबांची यामुळे फार पंचाईत होई. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि आमच्या घराचे कर्ते. तापीच्या या काठाने नंदुरबारच्या बाजाराला जाणारा प्रत्येक माणूस आमच्या ओट्यापाशी टेकून पाणी पीत असे, आणि पाणी पिऊन झालं की विचारत असे, "मंग आबा, पोऱ्या काय शिकस?" म्हसावदच्या एका ओळखीच्या पाटलांचा मुलगा वकिली शिकत होता. त्याच्या बापाला एका शब्दात उत्तर देता येई. आबांना येत नसे. ते आधी खोकत, मग तंबाखूची चंची सोडत, आणि शेवटी म्हणत, "शिकस काहीतरी मोठं. इंग्रजीमा शे."

एकदा त्यांनी मलाच समोर बसवून घेतलं होतं. तो संवाद मला अजून जसाच्या तसा आठवतो.

"वकील व्हशी का?"

"नही, आबा."

"मामलेदार?"

"नही."

"मंग काय शिकस तू तठे?"

मी घसा साफ केला. "देशादेशात भांडणं काबं लागतस, आनि त्या कशा मिटाडतस, ते शिकाडतस आम्हले."

आबा पुढे वाकले. "मंग मिटतस का?"

मी खरं बोलणारा मुलगा होतो. म्हटलं, "बहुतेक नही मिटत."

आत चुलीपाशी भाकरी थापणारी फुई इतकी हसली की तिच्या हातची भाकरी वाकडी झाली. फुई म्हणजे वडिलांची बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि घरातल्या सगळ्या गोष्टींवर डोळा ठेवायचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं. माझे वडील, नाना, कमी बोलत. ते म्हणाले, "शिकू द्या. आपलाले नही समजत म्हनीसन ते वंगाळ थोडंच व्हस." नानांनी माझ्यासाठी म्हटलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. आज लिहिताना वाटतं, माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यावर उभं आहे.

आता तो विषय काय होता, हे सांगायला हवं. आमच्या विद्यापीठात बी. ए.ला इतिहास आणि राज्यकारभार घेतला की एक पेपर आंतरराष्ट्रीय संबंधांचा असे. राष्ट्रांच्या सीमा, तह, वकिलाती, परिषदा, कोणत्या राजाने कोणत्या दाराने सभागृहात शिरायचं याची भांडणं. मुलं तो पेपर टाळत. मी मात्र पहिल्या तासालाच त्याच्यात अडकलो, ते आमच्या सरांमुळे. सर बारीक, काळेसावळे, कोट नेहमी एका बटणाने बांधलेला. कोणताही मोठा नियम सांगण्याआधी ते उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून हलकेच खाली ओढत, जणू नियम कानातच ठेवलेला आहे आणि ओढला की बाहेर पडणार. मग म्हणत, "सद्गृहस्थहो, याबाबतीत नियम असा आहे." त्या वर्गात बसलेला एकही मुलगा असा नव्हता ज्याला ती सवय लागली नाही. आम्ही खानावळीत वरण वाढून घेताना सुद्धा आधी कान ओढत असू.

माझ्या खोलीत माझ्याबरोबर राहणारा मुलगा पुरुषोत्तम. तो तापीच्या पलीकडच्या काठावरच्या गावचा, अगदी आमच्या गावासमोरचा. गुजर घरचा, केळी-उसाच्या बागायतीतला. आमच्या ओट्यावरून त्यांच्या देवळाचा कळस दिसे, पण आमची ओळख झाली ती पुण्यात. त्याच्या घरून तिळाचे लाडू येत, आमच्या घरून फुईचा ठेचा आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. पुरुषोत्तमला पहिल्या दिवशी ठेचा खाऊन उचकी लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मागितला. मग असं ठरलं की रिकामा डबा परत पाठवायचा नाही. माझ्या डब्यात त्याच्या आईचे लाडू जात, त्याच्या डब्यात माझ्या फुईचा ठेचा. घरी आम्ही दोघांनीही सांगितलं होतं की हे पुण्याच्या बाजारात मिळतं. माझी अशी समजूत होती की फुईला हे पटलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी नंदुरबारला उतरलो तर बैलगाडी घेऊन नाना आले होते. नाना नेहमीच गप्प, पण त्या दिवशी ते गप्प राहण्याचा प्रयत्न करत होते. गावात शिरलो तर शेवेच्या तळणाचा वास, कापसाच्या गाठोड्यांनी भरलेले ओटे, आणि ओट्यांवर काठ्या. प्रत्येक दाराशी एक काठी उभी. फुईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कानात सांगितलं, "तुन्हा आबा पेटेल शे. गोड बोलजो."

भांडण बेटाचं होतं. तापीच्या पात्रात पावसाळा सरला की वाळूचं एक मोठं बेट उघडं पडे. कार्तिकात त्या वाळूत खड्डे घ्यायचे, तळाला शेणखत घालायचं, टरबुजाचं बी लावायचं. उन्हाळ्यात टरबुजं अशी येत की बैलाला पाठीवर दोन पेलवत नसत. ते बेट पिढ्यान् पिढ्या आमच्या गावाचं. कारण नदीची मुख्य धार बेटाच्या पलीकडून वाहे, आणि दोन्ही गावांचा जुना रिवाज असा की धार तीच शीव. धारेच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं त्यांचं. त्या वर्षी पूर आला आणि ओसरला, आणि पाहतात तर धार बेटाच्या या बाजूला आलेली. बेट जागच्या जागी, धार मात्र इकडे. पलीकडचे लोक म्हणाले, धार तीच शीव, बेट आमचं. आमचे लोक म्हणाले, बापजाद्यांपासून लावतो, बेट आमचं. दोन्हीकडच्या काठ्या तेलात भिजवून झाल्या होत्या.

संध्याकाळी आबांनी मला ओट्यावर बोलावलं. चार म्हातारे बसले होते. आबा म्हणाले, "हाऊ आम्हना पोऱ्या. भांडणं मिटाडानं शिकस. आते याले भांडण सापडनं." मग माझ्याकडे वळून: "बेट आम्हनं करी दे. काठी न उचलता. व्हयनं तं शेवटलं वरीस शिकी ये. नही व्हयनं तं नंदुरबारना जिनिंगमा तुन्हा मामानी जागा ठेयेल शे. कापूस मोज."

मामाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढण्याच्या कारखान्यात, इंग्रजी वाचता येणारा मुलगा हवा होता, गठ्ठ्यांवरची अक्षरं वाचायला. माझ्या विषयापासून त्याहून दूर असं काहीच नव्हतं. पुण्याची ती लहान खोली, सरांच्या कानाची पाळी, अजून न वाचलेले तह, सगळं एका क्षणात कापसाच्या धुरळ्यात बुडालं. मी "हो" म्हटलं, कारण त्या ओट्यावर दुसरा शब्द चालत नसे.

दुसऱ्या दिवशी कार्तिकस्नानाचं निमित्त काढून मी तापीवरच्या प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेलो. घाटाच्या पायऱ्यांवर धोतर पिळत पुरुषोत्तम उभा. मला बघून तो ओल्या धोतरासकट पळत आला.

"हिरामण! मेलो मी!" तो म्हणाला. त्याच्या घरचे कर्ते डाह्याबापा, म्हणजे त्याचे आजोबा. त्यांनी त्यालाही अगदी तेच सांगितलं होतं: बेट मिळवून दे, नाहीतर केळीची बाग सांभाळ. दोन गावं, दोन म्हातारे, एकच अट. आम्ही घाटावर भजी घेऊन बसलो आणि आधी खूप हसलो. मग भजी संपली आणि हसू गेलं.

पुरुषोत्तमने कान ओढला. "याबाबतीत नियम असा आहे," तो सरांच्या आवाजात म्हणाला. आणि नियम खरंच होता, दोघांनाही पाठ. दोन राष्ट्रांमध्ये नदी सीमा असेल आणि ती हळूहळू, वर्षानुवर्षं सरकत गेली, तर सीमाही तिच्याबरोबर सरकते. पण नदीने एका पुरात उडी मारली, तर सीमा जुन्या धारेतच राहते.

"म्हणजे पूर एकदम आला असेल तर बेट तुमचं," पुरुषोत्तम म्हणाला. "धार हळूहळू सरकली असेल तर आमचं."

"मग कसा आला?"

आम्ही दोघेही पुण्यात होतो. पूर आम्ही पाहिला नव्हता. मी म्हटलं, "आमचे आबा तर सांगतात, कसला पूर. म्हणे नदी गाईसारखी आली, शेपटी हलवत. पाच-सात वर्षांपासून इकडे सरकतेच आहे. म्हणे मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बिडी ओढली."

पुरुषोत्तमच्या हातातलं भजं थांबलं. "आमचे बापा सांगतात, असा पूर कोणी पाहिला नाही. म्हणे एका रात्रीत नदीने उडी मारली, केळीची अख्खी बाग नेली, आणि मी एकट्याने देवळाची घंटा सोडवून पाठीवर आणली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग हळूच, दोघांनीही एकदम कान ओढले.

आबांची बढाई खरी मानली तर नदी हळूहळू आली, म्हणजे बेट पलीकडच्यांचं. डाह्याबापांची बढाई खरी मानली तर नदीने उडी मारली, म्हणजे बेट आमचं. प्रत्येकजण आपल्याच तोंडाने दुसऱ्याची बाजू सिद्ध करत होता, आणि तीही गावभर, रोज, पाणी पिणाऱ्या प्रत्येक वाटसरूपाशी. आमच्याकडे पूर आला तर तो काहीच नव्हता असं म्हणण्यात मोठेपणा. त्यांच्याकडे तो जगबुडीसारखा होता आणि आपण त्यातून निघालो असं म्हणण्यात. हा दोन काठांच्या स्वभावातला फरक कोणत्याही पुस्तकात नव्हता.

आमचा बेत असा ठरला. बेटावर दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची परिषद भरवायची. दोघांना पुराबद्दल बोलू द्यायचं. मग नियम सांगायचा. दोघेही एकदम हरले आणि एकदम जिंकले की मधोमध दोरी लावून अर्धं-अर्धं करायचं आणि टाळी वाजवायची. पुस्तकात अशा वाटणीची सोय होती. आम्हाला आमची बुद्धी इतकी आवडली की घाटावर पुन्हा एकदा भजी घेतली.

परिषदेला नावेतून दोन्हीकडचे लोक आले. आबांनी आपली खाट आणली होती. वाळूवर जाजम टाकून बसणं त्यांना कमीपणाचं वाटे. डाह्याबापांनीही आपली खाट आणली. दोन्ही खाटा समोरासमोर ठेवल्या. खाटेचे पाय वाळूत रुतले, आणि आबा डाह्याबापांपेक्षा चार बोटं खाली गेले. आमच्या लोकांनी लगेच नदीतून चपटे दगड आणून आबांच्या खाटेखाली घातले. आता आबा वर. पलीकडच्यांनी दगड शोधले. मग आमच्यांनी. मी आणि पुरुषोत्तम तोंड दाबून उभे. जुन्या परिषदांमधली राजांच्या दाराची भांडणं आम्हाला वर्गात खोटी वाटत. शेवटी दोन्ही म्हाताऱ्यांचे पाय हवेत लोंबू लागले आणि बोलताना दोघेही खाटेच्या कडा घट्ट धरून बसले.

मी उभा राहिलो. "आबा, त्या पुरामा नदी कशी ऊनी, ते सांगा सगळ्यासले."

आबा सुरू झाले. गाय आली, शेपटी हलवत आली, बिडी आली. त्या दिवशी पाणी कमरेवरून गुडघ्यावर उतरलं. "अरे, मी तं तिले सांगं, बाई, जरा बाजूले सर, मले पलीकडे जाणं शे! ती सरकनी!" आमचे लोक हसले. पलीकडचे अस्वस्थ झाले.

मग पुरुषोत्तमने डाह्याबापांना विचारलं. डाह्याबापांचा आवाज मोठा. "ए बिडी पीता होता त्यारे हू घंटा ऊंचकीने ऊभो होतो!" ते गर्जले, म्हणजे हा बिडी पीत होता तेव्हा मी घंटा पाठीवर घेऊन उभा होतो. "एक रातमां! एक रातमां नदी कूदी!" त्यांनी हात असा फिरवला की खाट हलली आणि चार माणसांनी ती धरली.

मग आम्ही दोघं मधोमध आलो. आधी मी कान ओढून नियम सांगितला, मग पुरुषोत्तमने कान ओढून उरलेला. आबा म्हणतात नदी हळूहळू आली, म्हणून आबांच्या शब्दावरून बेट पलीकडच्यांचं. डाह्याबापा म्हणतात ती एका रात्रीत कूदली, म्हणून त्यांच्या शब्दावरून बेट आमचं.

दोन्हीकडच्यांनी आपापल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

आमच्यातल्या एकाने कुजबुजून आबांना सुचवलं, "आबा, म्हना ना, पूर भयंकर व्हता म्हनीसन. बेट आपलं व्हई."

आबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो माणूस मागे सरकला. "म्हंजे मी भ्यायनू व्हतू म्हनू? सगळा गावसमोर?" मग ते खाटेवर ताठ झाले आणि मोठ्याने म्हणाले, "डाह्याभाई, बेट तुम्हनं शे. मन्हा शब्द शे. नदी हळूहळूच ऊनी."

मी हबकलो. हे बेतात नव्हतं.

डाह्याबापांचा चेहरा लाल झाला. त्यांना कोणी काही द्यावं हेच सहन होत नसे. "अमे दान नथी लेता!" ते ओरडले. "नदी कूदी! बेट तमारू!"

"तुम्हनं!"

"तमारू!"

"मी नही ल्हेवाव!"

"हू पण नही लऊं!"

बघता बघता दोन्ही गावं पुन्हा भांडू लागली, पण उलट्या बाजूने. आमचे लोक हात जोडून आणि दात-ओठ खाऊन ओरडत होते की बेट तुम्ही घ्याच. पलीकडचे काठ्या आपटून सांगत होते की तुम्हाला घ्यावंच लागेल. दोघांनीही बेट एकमेकांवर टाकलं आणि दोन्ही नावा भरून निघून गेल्या. जाताना खाटा राहिल्या, त्या मागाहून आणवल्या. पुरुषोत्तम आणि मी वाळूवर उभे राहिलो. राष्ट्रं भूमीसाठी लढतात हे आम्ही दोन वर्षं शिकलो होतो. ती एकमेकांच्या गळ्यात मारण्यासाठी लढतील, हे कुठल्याच प्रकरणात नव्हतं.

"आता?" पुरुषोत्तम म्हणाला.

मला जिनिंगचा धुरळा नाकात जाणवला. "आता तू केळी, मी कापूस," मी म्हटलं.

घरी आलो तर चुलीपाशी फुई बसलेली. तिच्यापुढे ओल्या फडक्यात बांधलेलं टरबुजाचं बी. लावण्याआधी बी असं भिजवून, फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवतात, मोड येईपर्यंत. तिने गाठ सोडून दाखवली. एकेका बीला पांढरं टोक फुटलं होतं.

"बियासले मोड ऊनात," ती म्हणाली. "त्या तुम्हनी परिषद सरानी वाट देखतीन का?"

"पण फुई, बेट कोणाचंच नही आते."

"मंग बरंच शे ना." आणि तिने गाठ पुन्हा बांधली.

सकाळी मी उठलो तर घरात फुई नव्हती, शेजारच्या बायकाही नव्हत्या. मी नावेने बेटावर गेलो. बेटाच्या आमच्या बाजूने आमच्या गावच्या बायका वाळूत खड्डे घेत होत्या. पलीकडच्या बाजूने पलीकडच्या बायका. त्यांच्याही घरात मोड फुटले होते. त्या एकमेकींकडे सरकत येत होत्या, आणि मधोमध फुई एका जाड्या, गोऱ्या बाईसमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती.

फुई विचारत होती, "तिळना लाडूमा सुंठ टाकस, ती तूच का?"

ती बाई हसली. "अने ठेचामां लसण बाळीने नाखे, ते तमे?"

जाळलेल्या लसणाबद्दल विचारणारी ती पुरुषोत्तमची आई. दोन वर्षं दोघी एकमेकींच्या हातचं खात होत्या आणि डब्यातून एकमेकींची परीक्षा घेत होत्या. पुण्याचा बाजार वगैरे कोणालाच पटलेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दोरी लावली नाही. दोन्हीकडून खड्डे घेत आल्या, जिथे भेटल्या तिथे थांबल्या. आणि मला उगाचच पुस्तकातलं पुढचं पान आठवलं: कोणाच्याही मालकीची नसलेली भूमी, जो आधी येऊन कसतो त्याची. मी कान ओढला, पण बोललो नाही. ऐकणारं कोणी नव्हतं, सगळ्या कामात होत्या.

दुपारी आबांनी ओट्यावर बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. मी उभाच राहिलो.

"त्या पलीकडला पोऱ्यानं नाव काय?"

"कोणता पोऱ्या, आबा?"

"तुन्हामायक कान ओढस तो." त्यांनी दोन बोटांनी स्वतःच्या कानाची पाळी धरून खाली ओढली, अगदी सरांसारखी. "काल बेटवर दोन्ही एकसारखा कान ओढी ऱ्हायनात. एकच मास्तरना हातना शेतस. मी काय आंधळा शे?"

मी खाली पाहिलं. ओट्यावरचे म्हातारे गालातल्या गालात हसत होते.

"मिटाडं का तू भांडण?"

"नही, आबा," मी म्हटलं. खरं बोलण्याची ती सवय नडायचीच. "फुईनी मिटाडं."

"मी तुले मिटाडाले सांगं व्हतं."

चुलीपाशी फुईच्या बांगड्या थांबल्या. नाना दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, तेही आबांकडे बघत होते. आबांनी चंची सोडली, तंबाखू मळली, चुना लावला, आणि इतका वेळ लावला की मी मनातल्या मनात कापसाचे गठ्ठे मोजू लागलो. मग ते म्हणाले:

"डाह्याभाई मन्हासंगे जनमभर भांडना. कुस्तीमा, बाजारमा, लगनमा. आजवर त्यानी मन्हा समोर 'तुम्हनं' असा शब्द काढा नव्हता. काल त्यानी तो शब्द काढा. सगळा गावना समोर." त्यांचे डोळे चमकले. "ते ऐकाले मी तुले आखो येक वरीस शिकाडसू. जाय. मामाले मी निरोप धाडस."

नंतर कळलं की त्याच दुपारी, नदीच्या पलीकडे, डाह्याबापांनी पुरुषोत्तमला जवळजवळ हेच सांगितलं होतं. त्यांच्या मते आबांनी आयुष्यात प्रथमच कोणाला काही दिलं होतं.

आम्ही दोघेही पास झालो. आमच्या गावातून आणि त्यांच्या गावातून बी. ए. झालेले आम्ही पहिले. पुढे मी शिक्षक झालो, जन्मभर मुलांना नकाशे दाखवले आणि स्वतः एकाही देशाची सीमा ओलांडली नाही. तापी मात्र खूपदा ओलांडली. निकाल घेऊन मी गावी आलो, तेव्हा ओट्यापाशी एक वाटसरू पाणी पीत होता. त्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग आबा, पोऱ्या काय शिकना?"

या वेळी आबा खोकले नाहीत. चंचीला हातही लावला नाही. "जे आपलाले पाहिजे," ते म्हणाले, "ते समोरलानी हातमा ठेवीसन 'तुम्हीच घ्या' असं म्हनाले पाहिजे. ते शिकना हाऊ." मग थोडं थांबून, प्रामाणिकपणे: "आजून जमत नही त्याले. पण शिकना."

आता तिथे बंधाऱ्याचं पाणी कायम भरलेलं असतं. बेट त्याच्याखाली गेलं. फुई, आबा, डाह्याबापा कोणीच नाहीत. पुरुषोत्तम अजून आहे, काठी घेऊन चालतो, तीही तेलात न भिजवलेली. कधी कधी आम्ही पुलावर गाडी थांबवून कठड्याला टेकतो. तो पाण्याकडे, बेट होतं तिथे, बोट दाखवतो आणि म्हणतो, "तुमचं."

मी म्हणतो, "छे, तुमचं."

मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवेपर्यंत आमचं हे चालतं.